सुरजागडचे लोखंड आणि भांडवलाची खात्री

डोंगरात खनिज आहे एवढ्यावर भांडवल तेथे धावत जात नाही. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पहाडावर उत्तम लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्स कंपनीला तेथे सुमारे 348 हेक्टरांचा खाणपट्टा 2007 साली मिळाला. परंतु उत्खनन अनेक वर्षे रखडले आणि डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. 2021 मध्ये काम पुन्हा सुरू झाले, ते पोलीस बंदोबस्तात.

मात्र अनिश्चितता केवळ बंदुकीतूनच येते असे नव्हे. गोव्यात बंदूक नव्हती. बंदर जवळ, नदीतून वाहतूक स्वस्त. तरीही फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, कारण नवे पट्टे देण्याऐवजी शासनाने जुन्यांचेच घाईने नूतनीकरण केले होते. सैल कारभार उद्योजकाला आज सोयीचा वाटतो. उद्या तोच त्याला बुडवतो.

सुरजागडचा खरा प्रश्न संमतीचा आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेची शिफारस बंधनकारक केली ती गौण खनिजांपुरती. लोहखनिज त्यात येत नाही. म्हणजे मुरुमासाठी गावाला विचारायचे, पहाडासाठी नाही! आपल्या खानदेशात विकलेली कपाशी पुढल्या मृगात पुन्हा पेरता येते. तेथे तशी सोय नाही.

अशा जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरणे 2015 च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाले. त्या पैशाचा हिशेब निदान एटापल्लीच्या ग्रामसभांपुढे दरवर्षी वाचला जावा.