ना सरपंच, ना नगरसेवक

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जाविकाराचे रुग्ण वाढू लागले, दूषित पाण्याचा संशय आला आणि साऱ्या पुण्याचे लक्ष नांदेडच्या विहिरीकडे गेले. गावाला पाणी होते त्या विहिरीचे. क्लोरीन टाकण्यापलीकडे शुद्धीकरणाची सोय नव्हती. गाव महापालिकेत येऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती.

30 जून 2021 रोजी नांदेडसह 23 गावे पुण्याच्या हद्दीत आली आणि त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता. निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. साडेचार वर्षे या गावांना ना सरपंच होता, ना स्वतःच्या मतांनी निवडून आलेला नगरसेवक. नळाला गढूळ पाणी आले तर पूर्वी बाटली भरून सरपंचाच्या ओट्यावर ठेवता येत असे. या काळात ती बाटली घेऊन जायचे कुठे? उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही 2021 च्या आधी आलेली गावे तर महापालिकेतून बाहेर पडली आणि तिथे स्वतंत्र नगरपरिषद झाली.

हद्दवाढीला आमचा विरोध नाही. राग आहे तो त्याआधी वाया घालवलेल्या वर्षांचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 534 शहरांपैकी 278 केवळ ‘जनगणना शहरे’ होती. वस्ती दाट, बहुतेक पुरुष शेतीबाहेर कामाला, पण कायद्याच्या लेखी गावच. कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त 17 सदस्य, दप्तर सांभाळायला ग्रामपंचायत अधिकारी. सांडपाण्याची वाहिनी आखायला स्वतःचा अभियंता नाही, अग्निशमन दल नाही. इमारतींना परवानगी देणारे कार्यालय दुसरेच. त्या इमारतींचा कचरा आणि टँकरची रांग मात्र गावाच्या वाट्याला. पंधराव्या वित्त आयोगाने तर निधी वाटतानाही डोकी 2011 चीच मोजली.

गावाचे शहर होत असतानाच्या या काळासाठी राज्यघटनेच्या 243-क्यू कलमात नगरपंचायतीची तरतूद आहे. आपल्याकडे 2014 मध्ये तालुक्याच्या गावांना ती देण्याचा निर्णय झाला. महानगरांच्या वेशीवरची गावे मात्र ‘उद्या महापालिकेत जाणारच’ म्हणून लटकत ठेवली गेली.

2027 च्या जनगणनेत जी गावे शहर ठरतील, त्यांना वर्षभरात नगरपंचायत द्यावी. जी महापालिकेत घ्यायची असतील, त्यांच्यासाठी शुद्ध पाण्याची वाहिनी आणि प्रभागातल्या निवडणुकीची तारीख अधिसूचनेच्या आधी ठरवावी.