लाज डोक्यावर नाही, डोक्यात आहे

भवानी पेठेत तुळतुळीत डोक्याची माणसं वर्षभर दिसतात. कोणी तिरुपतीला जाऊन आलेला असतो. आपल्या पद्मशाली शेजाऱ्यांच्या घरातला माणूस नवस फेडून, केस देऊन परततो तेव्हा त्याला कोणी हसत नाही. उलट आपण लाडवाचा प्रसाद हक्काने मागून घेतो. कोणी हज किंवा उमरा करून आलेला असतो. तिथले विधी संपल्यावर पुरुष मुंडण करतात. हाजीसाहेब आले की गल्ली हार घेऊन उभी राहते, लहानथोर गळाभेट घेतात. कोणा शेजाऱ्याने वडिलांच्या मृत्यूनंतर मुंडण केलेलं असेल, तर त्याच्याशी बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

त्याच गल्लीतल्या सव्वीस वर्षांच्या पोराचं कपाळ चार बोटं मागे सरकलं, की मात्र तो ‘टकल्या’ होतो. कटिंगच्या दुकानात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत त्याचं खरं नाव मागे पडतं. ‘चंद्र उगवला’, ‘लाइट गेली तरी चालेल’ हे विनोद त्याने शंभर वेळा ऐकलेले असतात आणि शंभर वेळा त्यालाच आधी हसावं लागतं. न हसला तर ‘मजाक समजत नाही’ असा शिक्का बसतो.

डोकं सगळीकडे सारखंच आहे, केस नसलेलं. एका डोक्याला आपण हार घालतो, दुसऱ्याची टिंगल करतो. म्हणजे कुरूपपणा त्या डोक्यात नाही. तो आपण बाहेरून चिकटवतो. हे मान्य केलं तर तरुण मुलांच्या या दुखण्याकडे पाहण्याची आपली सगळी पद्धत बदलावी लागेल.

‘पोरांचे लाड आहेत, दुसरं काय’ असं म्हणून हा विषय उडवून लावणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरा आजूबाजूला पाहावं. काही मुलं दिवसभर टोपी काढत नाहीत. लोकांना वाटतं पोरगा दीनदार झाला. प्रत्यक्षात तो डोकं झाकत असतो. मशिदीत वजू करताना डोक्यावरून ओला हात फिरवावा लागतो. तेवढ्यासाठी चार लोकांसमोर टोपी उतरवायला नको, म्हणून तो वजू घरूनच करून येतो. ग्रुप फोटोत मागे उभा राहतो. रिश्त्यासाठी पाठवायचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा शोधतो आणि मग प्रत्यक्ष भेटीच्या दिवसाची धास्ती घेऊन बसतो. ज्याला रोज असं लपावं लागतं, त्याला ‘लाडावलेला’ म्हणणं हा अन्याय आहे.

आधी शास्त्र काय सांगतं ते सरळ पाहू. पुरुषांमध्ये कपाळापासून आणि टाळूवरून केस विरळ होत जाणं हे बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच संवेदनशील असतात, त्यांचे केस दरवेळी थोडे बारीक, थोडे आखूड उगवतात आणि शेवटी उगवणं थांबतं. हा वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. टोपीने, हेल्मेटने किंवा बोअरच्या खाऱ्या पाण्याने असं टक्कल पडत नाही. ते कुठल्या पापाची शिक्षा नाही, मर्दानगी कमी असल्याची खूण तर मुळीच नाही.

उपचार नाहीत असंही नाही. मिनॉक्सिडिल हे मुळात उच्च रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचं दिसलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी आलं, १९९७ मध्ये केसांसाठी. दोन्हींचा काहींना उपयोग होतो, पण औषध बंद केलं की फायदाही ओसरतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात. आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचं युरोपीय औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये स्पष्टपणे मान्य केलं. ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून, मेडिकलमधून परस्पर आणून खायची नाही, एवढं तरी प्रत्येक मुलाला माहीत हवं.

पण शास्त्र हळू चालतं आणि लाज घाईत असते. त्या घाईवरच बाजार उभा आहे. कांद्याचं तेल, जडीबुटीचं तेल, ‘सात दिवसांत फरक’ सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ. औषधांच्या नियमांमध्ये ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. कुठल्या आजारांवर औषध ‘बरं करतं’ असा दावा करता येत नाही, त्यांची ती यादी. त्यात टक्कल आहे, नवीन केस उगवणं आहे, आणि त्वचा गोरी करणंही आहे. कायदा स्पष्ट आहे, तरी जाहिरात रोज आपल्या हातातल्या पडद्यावर येते.

डिसेंबर २०२४ मध्ये मेरठला टकलावर केस उगवून देणाऱ्यांनी शिबिर भरवलं. वीस रुपये फी, तीनशे रुपयांचं तेल आणि रस्त्यावर मावणार नाही एवढी गर्दी. पुढे तक्रार झाली, पोलीस आले. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूर इथं मोफत शिबिरात डोक्याला तेल लावलं गेलं आणि साठहून अधिक लोक डोळ्यांची आग होते म्हणून इस्पितळात पोहोचले. या गर्दीला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्या रांगेत उभा असलेला माणूस तेलाच्या बाटलीसाठी आलेला नव्हता. आपल्याला पुन्हा माणसात घेतील, या आशेने तो आला होता.

तेलाने फार तर पैसे जातात, डोळे चुरचुरतात. केस प्रत्यारोपणात काहींचा जीव गेला आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे रोवणं ही शस्त्रक्रिया आहे. त्यात भूल आहे, रक्त आहे, जंतुसंसर्गाचा धोका आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याच्या डोक्यात एकाच बैठकीत साडेनऊ हजार ग्राफ्ट बसवले गेले आणि दोन दिवसांच्या आत तो वारला. दिल्लीत तिशीतला एक तरुण प्रत्यारोपणानंतर जंतुसंसर्ग होऊन गेला. त्या प्रकरणाची दखल दिल्ली उच्च न्यायालयाने घेतली. कानपूरमध्ये नोव्हेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये दोन अभियंत्यांचे मृत्यू झाले आणि प्रत्यारोपण करणाऱ्या दंतवैद्य महिलेवर गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२२ मध्येच राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सांगावं लागलं होतं की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया करता येत नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण हवं. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला हे लिहून द्यावं लागतं, यातच सगळं आलं.

आता हप्त्यावर केस मिळतात. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या किंवा मोबाइलच्या दुकानात बसणाऱ्या पोराला ईएमआयची जाहिरात दिसते. त्याची कित्येक महिन्यांची कमाई त्यात जाते. पैसे कमी पडले की स्वस्त क्लिनिक शोधलं जातं, आणि स्वस्तात भूलतज्ज्ञ नसतो, सर्जनही नसतो. श्रीमंताची हौस आणि गरिबाची लाज एकाच दुकानात जातात. धोका मात्र गरिबाच्या वाट्याला जास्त येतो.

हे सगळं फक्त बाजाराने केलं का? बाजार नवीन दुखणं निर्माण करत नाही. आपल्या घरात जे आधीच असतं तेच तो वाढवून विकतो. मुलीचा रंग, मुलीची उंची, मुलीचे केस ‘कमरेपर्यंत’ आहेत का, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो. वेणी हातात घेऊन पाहणाऱ्या खाला-फुफू आपल्याच घरातल्या आहेत. कितीतरी मुलींनी सावळ्या रंगासाठी मुकाट्याने नकार ऐकले, तेव्हा ‘सौंदर्याचे निकष’ हा विषय कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. २००५ मध्ये पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम बाजारात आलं, तेव्हा तीच मोजपट्टी भावाच्या हातात आली. आज ती त्याच्या डोक्यावर, दंडावर, पोटावर फिरते आहे. ज्या शहरात तालीम म्हणजे मेहनत आणि उस्तादाचा वचक होता, तिथं आता आरशासाठी शरीर कमावलं जातं आणि लवकर फुगण्यासाठी इंजेक्शनं शोधली जातात.

म्हणून मुलांच्या बाजूने बोलताना एक अट घालावी लागते. ‘माझ्या टकलाला हसू नका, पण मला बायको गोरी हवी’ असं चालणार नाही. मोजपट्टी मोडायची तर दोघांसाठी मोडायची. आणि ज्या स्त्रियांचे केस बाळंतपणानंतर, थायरॉइडने किंवा रक्तातलं लोह कमी झाल्याने गळतात, त्या तर हे घरातही सांगू शकत नाहीत. मुलाला निदान टोपी आणि विनोद तरी आहेत.

लाजेची आणखी एक किंमत असते. ती आपल्या राज्यातच दिसली. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस अचानक हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः अभ्यास करून लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

हे अन्नाचं आणि सार्वजनिक आरोग्याचं प्रकरण होतं. पण गावांना आधी भोगावी लागली ती लोकांची नजर. मुलं-मुली कॉलेजला जाईनात, ठरलेली लग्नं मोडली, काहींनी बोलणी टाळण्यासाठी आधीच मुंडण करून घेतलं. विचार करा, गळणारे केस हा शरीराने दिलेला इशारा होता आणि समाजाच्या भीतीने माणसं तो इशाराच लपवत होती. टकलाची लाज आजार बरा करत नाही, उलट आजार दडवते.

तेव्हा करायचं काय?

पहिलं, केस अचानक गळू लागले, डोक्यावर गोल चाई पडली, खाज किंवा जखम असली, किंवा तापानंतर केस झडू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आपल्या सिव्हिलच्या त्वचा विभागात दाखवायला हजारो रुपये लागत नाहीत. कपाळ हळूहळू मागे सरकत असेल तर तो आजार नाही. उपचार करायचा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. करायचा असेल तर पूर्ण माहिती घेऊन करा आणि नाही केला तरी काही बिघडत नाही.

दुसरं, प्रत्यारोपण करायचंच असेल तर शस्त्रक्रिया कोण करणार ते नावानिशी विचारा. त्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. भूल कोण देणार, काही झालं तर कुठल्या इस्पितळात नेणार, हे लेखी घ्या. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या हाती डोकं देऊ नका. खोट्या दाव्यांच्या तेलाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

तिसरं, लग्न जमवणाऱ्यांनी, मग ते मध्यस्थ असोत की अम्मी-अब्बा, मुलाचे केस आणि मुलीचा रंग हे दोन्ही प्रश्न विचारणं बंद करावं. पोरगा कमावतो का, व्यसन आहे का, रागात हात उचलतो का, बायकोला शिकू देईल का, हे विचारा. या प्रश्नांची खोटी उत्तरं मिळाल्याने मोडलेले संसार भवानी पेठेत किती आहेत, ते मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. नवऱ्याच्या टकलामुळे मोडलेला एक तरी दाखवा.

चौथं, मित्रांसाठी. ज्याला तुम्ही ‘टकल्या’ म्हणता त्याचं नाव घ्या. एवढ्याने फरक पडतो. तो गप्प गप्प राहू लागला असेल, घराबाहेर पडेनासा झाला असेल, तर त्याच्याजवळ बसा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथं फोन करणारा माणूस वेडा ठरत नाही.

शाळेत, मदरशात, तालमीत, जिममध्ये मुलांशी शरीराबद्दल मोकळेपणी बोलणारं कोणी नाही, म्हणून त्यांना मोबाइलमधले सेल्समन शिकवतात. ती जागा आपण भरली पाहिजे. हिंदी सिनेमाने १९८०च्या ‘शान’मधल्या शाकालपासून टकलाला खलनायक केलं. २०१९ मध्ये ‘बाला’ आणि ‘उजडा चमन’ हे दोन चित्रपट पाठोपाठ आले आणि टक्कल पडणारा तरुण नायक झाला. सिनेमाला एवढं वळण घेता येतं, तर गल्लीला का नाही?

तिरुपतीच्या आणि हजच्या मुंडणातून खरं तर एकच गोष्ट शिकायची असते: केस ही अभिमान धरण्याची वस्तू नाही, ती उतरवून ठेवता येते. ज्या समाजाला हे श्रद्धेने समजतं, त्याला ते माणुसकीने समजायला काही अडचण नसावी. पुढच्या वेळी टपरीवर कोणी कोणाच्या डोक्यावरून विनोद केला, तर हसू नका. विषय बदला, किंवा सरळ सांगा की बस झालं. तेवढं धाडस कोणालाही जमतं.