खाटांची गणती आणि भिवंडी

धनत्रयोदशीला धन्वंतरीचे पूजन होते आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा ठेवला जातो. या यमदीपदानामागची प्रार्थना मरण टळावे अशी नसून अपमृत्यू टळावा अशी आहे, आणि मरण व अपमृत्यू यांत परंपरेने केलेला हा भेद सार्वजनिक आरोग्यशास्त्रालाही मान्य आहे. कारण वेळेवर उपचार मिळाला असता तर जो मृत्यू ओढवला नसता, तो आजाराच्या खात्यावर न मांडता व्यवस्थेच्या खात्यावर मांडावा असे ते शास्त्र मानते. सणाच्या अंकाच्या पहिल्याच पानावर रुग्णालयांचा विषय यावा हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु दिवाळी अंकांच्या जाहिरातींच्या पानांवरून खासगी रुग्णालये शुभेच्छा देतच असतात, तेव्हा संपादकीयातही रुग्णालय आल्याने फारसे बिघडू नये.

आरोग्यसेवेचा विचार करताना क्षमता आणि पोहोच या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. क्षमता म्हणजे खाटा, डॉक्टर, परिचारिका, शस्त्रक्रियागृह, रक्तसाठा यांची बेरीज; पोहोच म्हणजे गरज पडेल त्या घटकेला त्या बेरजेतील आपला वाटा रुग्णाच्या हाती पडण्याची शक्यता. क्षमता मोजण्याचे सर्वांत जुने माप खाट हे आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये दिलेल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार लोकांमागे 0.24 खाटा असल्याचे नोंदवले होते आणि दीर्घ पल्ल्याच्या योजनेत हे प्रमाण 5.67 पर्यंत न्यावे असे सुचवले होते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हजारी 2 खाटांचे उद्दिष्ट ठेवले; म्हणजे सात दशकांनंतरचे स्वप्न भोर समितीच्या स्वप्नाच्या निम्म्याहूनही लहान झाले होते.

भिवंडीच्या बाबतीत हे गणित कोणालाही करता येण्याइतके सोपे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत 7 लाख 9 हजार 665 लोक राहत होते आणि शहराचे मुख्य सरकारी रुग्णालय असलेले इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय 100 खाटांचे आहे. हजारी 0.14 खाट हे त्याचे उत्तर. खासगी खाटा या हिशेबात नाहीत हे खरे, त्यामुळे 1946 च्या आकड्याशी त्याची तुलना काटेकोर ठरणार नाही; पण यंत्रमागापासून गोदामातल्या मालापर्यंत अर्ध्या देशाला कापड आणि सामान पुरवणाऱ्या शहराचा आकडा स्वातंत्र्यपूर्व काळातील आकड्याच्या शेजारी ठेवावासा वाटावा, यातच बरेच काही आले. शिवाय उपजिल्हा रुग्णालय शहरापुरते नसते. संपूर्ण भिवंडी तालुक्याची लोकसंख्या 2011 मध्येच 11 लाखांच्या पुढे गेली होती, आणि त्यानंतर जनगणना झालेली नसल्याने आजही नियोजनाचा पाया तोच जुना आकडा आहे.

या जनगणनेतील आणखी एक आकडा खाटांच्या आकड्याहून अधिक बोलका आहे. शहरातील 7 लाख 9 हजारांपैकी पुरुष 4 लाख 15 हजार आणि स्त्रिया 2 लाख 94 हजार, म्हणजे हजार पुरुषांमागे 709 स्त्रिया होत्या. महाराष्ट्राचे प्रमाण त्याच वेळी 929 होते. सव्वा लाखाच्या आसपास असलेली ही तफावत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा प्रदेशांतून एकट्याने आलेल्या यंत्रमाग कामगारांची आहे. 1930 च्या दशकात हातमागाच्या या गावात विजेवरचे माग आले, पुढे मुंबईच्या गिरण्या मोडकळीला आल्या तेव्हा तिथले जुने माग भंगाराच्या भावाने इथे येऊन पुन्हा खडखडू लागले, आणि त्यांच्यामागोमाग माणसे आली. दिवसपाळीचा कामगार ज्या खोलीतून उठतो तिथे रात्रपाळीचा येऊन आडवा होतो, आणि दोघेही ज्या सामाईक खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवतात तिला इथे बिशी म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात भिशी पैशांची असते, भिवंडीत ती जेवणाची असते.

सरकारी रुग्णालयाची रचना या माणसाला गृहीत धरून झालेली नाही. भारतातील सार्वजनिक रुग्णालय कागदोपत्री डॉक्टर आणि परिचारिका चालवतात. प्रत्यक्षात त्याचा अर्धा भार रुग्णाचे नातेवाईक वाहतात. केसपेपर काढणे, ट्रॉली ढकलणे, रक्ताची बाटली आणायला धावणे, बाहेरून औषध आणणे, डबा आणणे, रात्री खाटेखाली सतरंजी टाकून सलाइन संपत आले की हाक मारणे, ही सारी कामे कोणत्याही आस्थापना-सूचीत नसलेला हा वर्ग करतो. ज्या शहरात लाखभर पुरुषांचे नातेवाईक हजार-दीड हजार किलोमीटर दूर आहेत, तिथे हा अदृश्य कर्मचारीवर्गच गैरहजर असतो. सोबत येतो तो शेजारच्या मागावरचा कामगार, आणि मजुरी कापडाच्या मीटरवर ठरत असल्याने त्याने रुग्णालयात घालवलेला प्रत्येक तास त्याच्या पगारातून जातो. दोन दिवसांनी तो परत कामावर जातो, हे त्याचे निर्दयपण नव्हे. खाट मिळालेली असूनही रुग्ण ती सोडून गावची गाडी पकडतो, याचे स्पष्टीकरण खाटांच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

पेंचान्स्की आणि थॉमस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1981 मध्ये पोहोच या कल्पनेचे पाच भाग पाडले होते: सेवा असणे, ती जवळ असणे, तिच्या वेळा व पद्धती लोकांच्या सोयीशी जुळणे, ती परवडणे आणि ती लोकांना आपलीशी वाटणे. यांतील तिसऱ्या भागाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या 2013 पासूनच्या निकषानुसार दर 50 हजार शहरी लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते, म्हणजे जुन्या लोकसंख्येवरही भिवंडीला अशी 14 केंद्रे हवीत. निकष केंद्रांच्या संख्येत पूर्ण झाला तरी बाह्यरुग्ण विभाग दिवसाच उघडा राहणार असेल, तर बारा तास मागासमोर उभा असणारा आणि उरलेल्या वेळात झोपणारा माणूस तिथे कधी जाणार, हा प्रश्न उरतोच. कापसाच्या तंतूंच्या धुळीने वर्षानुवर्षे छाती भरत गेल्यावर होणारा बिसिनोसिस हा श्वसनविकार कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. परंतु खोकला हा बिसिनोसिस आहे की क्षयरोग हे ठरण्यासाठी कामगाराला आधी क्ष-किरण यंत्रासमोर उभे राहावे लागते, आणि त्यासाठी पाळी बुडवावी लागते. मागांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा तर व्यवहारात कोणी आजार म्हणून मोजतच नाही. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात.

कामगारांच्या आजारपणासाठीच 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून उपचार आणि आजारपणातील पगाराचा हिस्सा देणारी ही योजना भिवंडीसारख्या औद्योगिक शहरासाठीच आखली असावी असे वाटते. पण तिची मेख संख्येत आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ती लागू होते, एक कामगार एका वेळी सहा-आठ किंवा त्याहूनही अधिक माग सांभाळतो, आणि एका छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर नोंदवण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. त्यामुळे कायद्याच्या डोळ्यांना शहरात छोटे कारखाने दिसतात, कामगार फारसे दिसत नाहीत.

ही पोकळी रिकामी राहत नाही. गल्लीतला दवाखाना रात्री अकरालाही उघडा असतो, केसपेपर मागत नाही, उधारीवर सुई टोचतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस मागावर उभा राहील इतपत ताप उतरवतो. यांतले काही डॉक्टर निष्णात आणि सेवाभावी आहेत, काहींकडे पदवीच नाही. बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या भिवंडीला नव्या नाहीत. अशा कारवाया व्हायलाच हव्यात. तरीही बोगस डॉक्टरने शहराची एक गोष्ट अचूक ओळखली आहे, ती म्हणजे पाळी सुटण्याची वेळ. सरकारी यंत्रणेने ती अजून ओळखलेली नाही. दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा खाणकामगारांच्या गावी डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये एक नियम मांडला होता, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त गरज असते तिथे सर्वांत कमी आढळते, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक होते तितका हा नियम कडकपणे लागू होतो. माग आणि खाण यांत अंतर बरेच असले तरी नियमाला ते अंतर जाणवत नाही.

भिवंडीत जे होत नाही ते ठाण्याला पाठवले जाते. रुग्णाला वरच्या रुग्णालयाकडे धाडण्याच्या या पद्धतीला वैद्यकीय भाषेत संदर्भसेवा म्हणतात. रुग्णाच्या भाषेत ‘रेफर केले’ एवढेच. ठाणे किंवा कळवा पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु अवजड वाहनांनी कोंडलेल्या अंजूरफाटा-कशेळी रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नसतो. शहराला रेल्वे आहे, पण ती वसई-दिवा मार्गावर, आणि त्या मार्गावरची तुरळक गाडी रुग्णाच्या उपयोगाची नाही. पलीकडच्या टोकालाही मोकळीक नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट 2023 मध्ये 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या बांधकामासाठी आपल्या मूळ जागेतून हललेले होते आणि जिल्हाभरातील गंभीर रुग्णांचा ओघ कळव्याकडे वळलेला होता. त्या घटनेनंतर चौकशी एका रुग्णालयाची झाली. भिवंडी, शहापूर, मुरबाडहून जे रुग्ण तिथवर आणावे लागतात ते आपापल्या गावी का थांबू शकत नाहीत, ही चौकशी मात्र अद्याप व्हायची आहे.

पैशाची बाजू त्यामानाने सुधारली आहे आणि ते मान्य केले पाहिजे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आहे. मात्र या योजनेला शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो, आणि कामगाराची शिधापत्रिका आझमगड किंवा करीमनगरच्या घरी, आईच्या पेटीत असते. केंद्राचे आयुष्मान कार्ड देशभर चालते. ते काढलेले असले, सोबत असले आणि जवळच्या रुग्णालयाने योजना स्वीकारलेली असली तर.

शहराच्या अंगात शक्तीच नाही असे मात्र म्हणता येत नाही. जून 2020 मध्ये करोनाच्या रुग्णांना खाटा मिळेनात तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेले विनामूल्य केंद्र उभे राहिले आणि धर्म न विचारता चालले. त्याही आधी, 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या प्रयोगाचे मर्म साधे होते: शहराला गल्लीगणिक ओळखणारी माणसे हाताशी असली पाहिजेत. 2022 च्या हिवाळ्यात मुंबई आणि मालेगावसोबत भिवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा लसीच्या कुप्या कमी पडल्या नव्हत्या. कोणत्या खोलीत नऊ महिन्यांचे मूल नुकतेच गावाहून आले आहे हे सांगणारे माणूस कमी पडले होते. नागरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समित्यांची तरतूद आहे, त्या वस्तीतील पन्नास ते शंभर घरांमागे एक अशा असतात. एकट्या पुरुषांच्या खोल्या कोणत्या घरात मोजायच्या, हे त्या तरतुदीत सांगितलेले नाही. बिशीवाल्याला त्या समितीशी जोडून घ्यायला नियमाची हरकत नसावी, कारण दोन दिवस ताटावर न आलेला माणूस आजारी आहे हे शहरात सर्वांत आधी त्यालाच कळते.

खाटा वाढवण्याची मागणी रास्त आहे आणि ती सतत करावीच लागेल. परंतु खाटा मंजूर होतात लोकसंख्येवर, आरोग्य केंद्रे मिळतात लोकसंख्येवर, लसींचे उद्दिष्ट ठरते लोकसंख्येवर. त्यामुळे जो मोजला जात नाही तो आजारी पडला तरी हिशेबात आजारी पडत नाही. देशाची पुढील जनगणना 2027 मध्ये होणार असून 1 मार्च 2027 हा तिचा संदर्भदिन आहे. जनगणनेत माणूस त्या काळात जिथे राहत असेल तिथे नोंदला जातो, त्याला शिधापत्रिका दाखवावी लागत नाही. प्रगणक दारात येईल तेव्हा कारखानदारांनी कायद्याच्या भीतीने कामगारांची संख्या आखडती सांगू नये, खोलीमालकांनी एका खोलीत एकच पाळी राहते असे सांगू नये, आणि बिशी चालवणाऱ्यांनी आपली हजेरीची वही प्रगणकासमोर उघडी ठेवावी, ही भिवंडीतील वाचकांना या अंकाची विनंती आहे.