तीन मिनिटे, वर दोन सेकंद

सिगेमन बुद्धिबळ स्पर्धा, साल २००५. एका बाजूला चेन्नईचा ग्रँडमास्टर कृष्णन शशिकिरण, समोर पांढरी मोहरी घेऊन सतरा वर्षांचा अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा. दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले आणि नाकामुराने दुसऱ्याच चालीला वजीर तिरका काढून थेट पटाच्या उजव्या कडेला नेला. बुद्धिबळाच्या कुठल्याही वर्गात ‘असे करायचे नाही’ म्हणून मुलांना दाखवतात ती ही चाल. शशिकिरणकडे विचाराला भरपूर वेळ होता. त्याने एकेक मोहरा शांतपणे बाहेर काढला, धमक्या मोडून काढल्या आणि लांबलेला तो डाव जिंकला.

हीच चाल तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावात आली की चित्र पालटते. ती कच्ची आहे हे समोरच्याला कळते, पण तिचा समाचार कसा घ्यायचा हे आठवेपर्यंत पंधरा-वीस सेकंद निघून जातात. एकशे ऐंशी सेकंदांच्या डावात हा मोठा दंड आहे. पटावर काहीच गेलेले नसते, घड्याळात मात्र तो मागे पडतो आणि ती तूट भरून काढायला पुढच्या दहा चाली घाईत खेळतो. अतिजलद म्हणजे ब्लिट्झ डावाच्या शैलीचे मर्म इथे आहे. सर्वांत अचूक चाल शोधत बसण्यापेक्षा, समोरच्याला थांबून विचार करावा लागेल अशी बऱ्यापैकी चाल झटकन खेळणे तिथे फायद्याचे ठरते.

या शैलीकडे पाहून आपल्याकडचे बरेच पालक आणि प्रशिक्षक नाक मुरडतात. ‘ब्लिट्झ खेळून खेळून खेळ बिघडला’ ही तक्रार स्पर्धेच्या हॉलबाहेर हमखास कानावर येते. मग एखाद्या घरात मोबाइल काढून घेतला जातो. दुसऱ्या घरात ‘बुद्धिबळच खेळतोय ना’ म्हणून रात्री उशिरापर्यंत काणाडोळा केला जातो. दोन्हींतून हाती काही लागत नाही. मुलांनी ऑनलाइन जलद डाव जरूर खेळावेत. मात्र प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढवून मिळतील असे डाव निवडावेत, मोजके खेळावेत आणि हरलेला डाव पुन्हा मांडल्याशिवाय पुढच्या डावाचे बटण दाबू नये.

वेगाने खेळ नासतो, या समजुतीला खुद्द नाकामुराच उत्तर आहे. ऑनलाइन स्पीड चेस अजिंक्यपद त्याने २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे जिंकले. शेवटच्या वर्षी अंतिम फेरीत त्याने तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनला १४.५–१३.५ असे निसटते हरवले. याच काळात दोन वर्षांहून अधिक काळ तो लांब वेळेच्या क्लासिकल डावांपासून दूर होता, बहुतेक वेळ कॅमेऱ्यासमोर बसून ऑनलाइन खेळत होता. २०२२मध्ये तो बर्लिनच्या ग्रां प्री स्पर्धेत परतला, ती जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेपर्यंत पोहोचला. २०२३मध्ये नॉर्वे चेस स्पर्धेत कार्लसन खेळत असताना पहिला आला.

यावरून घरच्या चौदाशे रेटिंगच्या खेळाडूने ‘मीही तेच करतो’ असे म्हणण्यात अर्थ नाही. नाकामुरा पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि २०१५मध्ये जगात दुसऱ्या क्रमांकावर होता. कॅमेऱ्यासमोर बसण्याच्या कितीतरी आधी त्याची शिदोरी भरलेली होती.

ती शिदोरी कशाची, हे मानसशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३मध्ये खेळाडूंना एक पट काही सेकंद दाखवला आणि तो आठवून पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी असली की निष्णात खेळाडू नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त मोहरे अचूक मांडत. मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की तो फरक जवळजवळ नाहीसा होई. निष्णात खेळाडू सुटे मोहरे पाहत नाही. ओळखीच्या जुळण्या पाहतो. ब्रूस बर्न्स यांनी २००४मध्ये ब्लिट्झ स्पर्धांच्या निकालांवरून मांडले, की नेहमीच्या पाच टक्क्यांहून कमी वेळ मिळाला तरी खेळाडूंमधला तरतम भाव बराचसा टिकून राहतो. मात्र त्याच्या वर्षभर आधी ख्रिस्तोफर शॅब्री आणि एलियट हर्स्ट यांनी अव्वल ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाने तपासले, तेव्हा जलद डावांत त्यांच्या चुका क्लासिकलपेक्षा जास्त आणि मोठ्याही निघाल्या. म्हणजे मनात साठलेल्या जुळण्या वेगात कामी येतात. नव्या जुळण्या साठवायला मात्र सवड लागते. रोज प्रयोग लावायचे आणि तालीम कधीच करायची नाही, असे केले तर नाटकाचे जे होईल तेच इथे होते.

घरोघरी जे खेळले जाते त्यात प्रयोगालाही अर्थ उरत नाही, याला कारण घड्याळाचा प्रकार. एक मिनिटाच्या बुलेट डावातली एक प्रसिद्ध हातचलाखी पाहा. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे चालतो. काळा राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सारतो. मागून उंट त्या मोकळ्या घरात आणायचा हे त्याचे ठरलेले असते. वेळ वाचवायला तो उंटाची चाल आधीच लावून ठेवतो. याला प्रीमूव्ह म्हणतात: समोरची चाल येताक्षणी आपली आपोआप खेळली जाते. पांढऱ्याला हे माहीत असते. तो आपला उंट त्या घराच्या शेजारी, अगदी फुकटात मारता येईल असा आणून ठेवतो. डोळे उघडे असते तर काळ्याने तो घोड्याने किंवा उंटाने उचलला असता. पण चाल लागून गेलेली असते. काळा उंट ठरल्या घरी येतो, पांढरा त्याला मारतो आणि पुढच्याच चालीला कोपऱ्यातला हत्तीही घेतो.

गंमत म्हणून हे झकास आहे. पण यातून जिंकणारा काही शिकत नाही, हरणारा फार तर पुढच्या वेळी ती एक चाल आधी लावत नाही. वाढीव सेकंद नसलेल्या तीन मिनिटांच्या डावाचा शेवटही असाच होतो. दोघांकडे एकेक हत्ती, प्यादी सारखी, सरळ बरोबरीची स्थिती. एकाकडे नऊ सेकंद, दुसऱ्याकडे चार. नऊवाला हत्ती इकडून तिकडे फिरवत राहतो आणि समोरच्याचा वेळ संपवून त्याचा फ्लॅग पाडतो. त्याचे रेटिंग वाढते, खेळ होता तिथेच राहतो.

यावरचा उपाय माजी जगज्जेता बॉबी फिशरने काढला. प्रत्येक चालीनंतर काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे अमेरिकी पेटंट त्याला १९८९मध्ये मिळाले आणि १९९२च्या बोरिस स्पास्कीविरुद्धच्या लढतीत ते घड्याळ वापरले गेले. आज जागतिक अतिजलद अजिंक्यपदाचे डाव तीन मिनिटे अधिक दोन सेकंद असे होतात. किताबधारकांची ऑनलाइन ‘टायटल्ड ट्यूजडे’ स्पर्धा बरीच वर्षे तीन अधिक एक या वेळेवर भरत आली. नाकामुराने जिंकलेल्या स्पीड चेसमध्ये तर एक मिनिटाच्या डावांनाही सेकंदाची वाढ होती. काही बुलेट स्पर्धा सोडल्या तर ज्यांच्या वेगाचे आपण कौतुक करतो ते वाढीव सेकंदांवर खेळतात, आणि त्यांचे अनुकरण करणारी मुले त्यांशिवाय.

जलद खेळाचा सराव टाळून चालणारही नाही. जॉर्जियातल्या बाटुमीत जुलै २०२५मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल जलद टायब्रेकरवर गेला: पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद. हम्पी तेव्हा जलद प्रकारातली विश्वविजेती होती, पारडे तिचेच जड. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात घड्याळ आटत आले तशा हम्पीच्या हातून चुका झाल्या आणि विश्वचषक दिव्याने नेला. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नसताना गेलेली मुलगी ग्रँडमास्टर होऊन परतली. त्याच्या महिनाभर आधी, लंडनच्या जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत तिने चीनच्या हौ यिफानला हरवले होते. कार्लसननेही २०१८मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत फाबियानो कारुआनाविरुद्धच्या बाराव्या डावात स्थिती चांगली असताना बरोबरी देऊ केली, कारण पुढच्या जलद डावांवर त्याचा भरवसा होता. ते त्याने ३–० असे जिंकले.

मग सुधारायचे कसे?

सुरुवातीच्या चालींचा पसारा आधी आवरावा. पांढऱ्याने एक पद्धत. काळ्याने राजापुढच्या प्याद्याला एक उत्तर, वजिरापुढच्या प्याद्याला एक. पहिल्या आठ चाली वीस सेकंदांत आणि समजून खेळता आल्या की मधल्या डावाला वेळ उरतो. रोज नवे सापळे शोधत फिरणाऱ्या खेळाडूला ही सवय कधीच लागत नाही.

दुसरे, वेळ गेला कुठे हे पाहावे. डाव संपल्यावर प्रत्येक चालीला किती सेकंद लागले ते संकेतस्थळ दाखवते, आणि ते फारसे कुणी बघत नाही. समोरच्याने उंट मारला, आपण परत मारायचाच आहे, तरी तिथे नऊ सेकंद; आणि वजीर शत्रूच्या गोटात घुसवताना दीड सेकंद. हे उलटे व्हायला हवे. शह कुठे बसतो, मारामारी कुठे होते, धमकी कोणती आहे, हे तीन प्रश्न विचारण्यापुरता वेळ निर्णायक चालीवर खर्च झालाच पाहिजे.

तिसरे, डावाचा शेवट. समोरच्याकडे हत्ती आणि प्यादे, आपल्याकडे नुसता हत्ती आणि प्याद्यासमोर उभा राजा. अठराव्या शतकातल्या फिलिडोरने यावर बचाव सांगितला: आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठेवून शत्रूच्या राजाला अडवायचे आणि प्यादे त्या ओळीवर आले की हत्ती पार पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. ज्याला हे पाठ आहे तो दोन-दोन सेकंदांत डाव वाचवतो. बिनवाढीच्या घड्याळात हेच ज्ञान असूनही फ्लॅग पडतो. फिलिडोर शिकण्याचा मोबदला वाढीव सेकंद देतात, म्हणून आग्रह त्यांचा.

सर्वांत महत्त्वाचे, हरलेल्या डावाची तपासणी. तिचा वस्तुपाठ घालून देणाऱ्या अमेरिकी ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्कीचे ऑक्टोबर २०२५मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी निधन झाले. तो जगातल्या उत्तम ब्लिट्झ खेळाडूंपैकी एक, पण जगभरचे हौशी त्याला ओळखतात ते शिक्षक म्हणून. आपल्याहून कितीतरी कच्च्या प्रतिस्पर्ध्याशी खेळतानाही तो मनातला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा आणि डाव संपला की उलगडून सांगायचा. घरच्या खेळाडूला एक वही पुरे. संगणकाचे इंजिन लावण्याआधी स्वतःच डाव चाळावा, कलाटणी देणारी चूक शोधावी आणि तिच्यापुढे तीनांपैकी एक कारण लिहावे: दिसले नाही, माहीत नव्हते, वेळ नव्हता. पहिल्यावर औषध कोड्यांचा रोजचा सराव, दुसऱ्यावर पुस्तक किंवा प्रशिक्षक, आणि तिसऱ्यावर त्याच डावातल्या आधीच्या वाया गेलेल्या सेकंदांचा हिशेब. महिनाभराने वही उलटली की कोणते कारण सारखे येते ते दिसते. सराव त्याचाच करायचा. इंजिनने थेट उत्तर दाखवले तर मूल मान डोलावते आणि विसरते.

सलग दोन डाव हरले की उठायचे, हाही नियम घरात हवा. गेलेले रेटिंग त्याच रात्री परत मिळवण्याच्या नादात आणखी जाते.

यात काम घरच्यांइतकेच अकादमींचे आणि स्थानिक आयोजकांचेही आहे. वेळापत्रक कोलमडेल म्हणून जिथे बिनवाढीचे ब्लिट्झ सामने ठेवतात, तिथे गणित करून पाहावे. साठ चालींचा लांब डाव धरला तरी दोन्ही खेळाडूंना मिळून वाढीचे दोनशे चाळीस सेकंद, म्हणजे चार मिनिटे होतात. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत ही भर छत्तीस मिनिटांची. बक्षीस समारंभातली दोन भाषणे कमी केली तरी तेवढा वेळ निघू शकेल.