गुदमरलेल्या सागराचा इशारा

हवामानबदलाची चर्चा निघाली की बोट कारखान्यांच्या धुराड्यांकडे दाखविले जाते. त्यात चूक काहीच नाही. मात्र आपल्याच पश्चिम किनाऱ्याला लागून दरवर्षी जे घडते, त्याकडे समाजाचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अरबी समुद्रात सुमारे १५० मीटर खोलीपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायूची तीव्र टंचाई असलेला जगातील एक मोठा जलपट्टा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हे खालचे पाणी वर सरकून किनाऱ्यालगतच्या उथळ भागात शिरते. पावसाच्या व नद्यांच्या हलक्या गोड्या पाण्याचा थर वर झाकणासारखा बसतो आणि खालच्या पाण्याचा श्वास कोंडतो.

अशा पाण्यात अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे सूक्ष्मजीव अधिक नायट्रस ऑक्साइड सोडू लागतात. प्राणवायू जवळजवळ संपला की दुसरे जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायूवर गुजराण करतात. त्यातून अखेरीस निरुपद्रवी नत्रवायू बनतो. परंतु वाटेतला एक टप्पा पुन्हा नायट्रस ऑक्साइडचाच असतो. खोल समुद्रात हा वायू बराचसा दबून राहतो. उथळ किनाऱ्यावर तो सहज हवेत निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मधून हे जगापुढे मांडले. ही प्रक्रिया मुळात नैसर्गिक आहे. परंतु शेतातून वाहून येणारे नत्र तिला खतपाणी घालत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही भर. प्राणवायू संपलेल्या पाण्यात मासळी टिकत नाही. म्हणजे कोकणातील मच्छीमाराच्या चुलीशीही हा प्रश्न जोडलेला आहे.

मग करायचे काय? २०१५ मध्ये युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले, ते योग्य पाऊल होते. पण मुठीने युरिया फेकण्याची सवय केवळ आवरणाने सुटत नाही. मातीपरीक्षण, शेणखताचा वापर आणि शहरी सांडपाण्याचे शुद्धीकरण यांना पर्याय नाही. कांदोळीसमोर १९९७ पासून चाललेल्या नोंदींसारखे सातत्यपूर्ण मोजमाप साऱ्या किनाऱ्यावर व्हायला हवे. सागराला रत्नाकर म्हणणाऱ्या समाजाने त्याच्या पोटात काय ढकलले जाते, याचा हिशेबही ठेवला पाहिजे.