गावची घरपट्टी आणि शहराचे पाणी

घरपट्टीची पावती हातात आली की आपण आधी शेवटचा आकडा पाहतो. आकडा गेल्या वर्षीइतकाच असेल तर पावती फाइलमध्ये जाते. वाढला असेल तर ती घेऊन आपण शेजाऱ्याच्या दारात जातो. पण समजा, एके वर्षी पावतीच्या वरचे नावच बदलले. कालपर्यंत तिथे ग्रामपंचायत लिहिलेले होते, आज महापालिका लिहिले आहे. घर तेच, रस्ता तोच, रस्त्यातला खड्डाही तोच. मग तुमच्या आयुष्यात नेमके काय बदलले?

शहराच्या कडेला राहणाऱ्या लाखो कुटुंबांसमोर आज हा प्रश्न आहे. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरसारख्या गावात राहणाऱ्याला तो कळतो आणि पुण्याजवळच्या फुरसुंगीत राहणाऱ्यालाही कळतो. भाषा वेगळी असली तरी भांडण एकच आहे.

कुंभकोणमपासूनच सुरुवात करू. ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने तांबरम, कांचीपुरम, करूर, कडलूर आणि शिवकाशी यांच्याबरोबर कुंभकोणमलाही महापालिका करण्याची घोषणा केली. शेजारचे दारासुरम तिच्यात आले. ४८ प्रभाग झाले. मार्च २०२२ मध्ये रिक्षा चालवणारे के. सरवणन नव्या महापालिकेचे पहिले महापौर झाले. सगळ्यांना कौतुक वाटावे अशीच ही बातमी होती.

पुढच्याच महिन्यात दुसरी बातमी आली. राज्यभरातल्या शहरांमध्ये मालमत्ता कर वाढला. चेन्नईचे दर वेगळे होते. कुंभकोणमसारख्या इतर शहरांत ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २५ टक्के, १,२०० पर्यंत ५० टक्के, १,८०० पर्यंत ७५ टक्के आणि त्यापुढे १०० टक्के वाढ ठरली. नव्याने शहरात आलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक होते की आपण शहरात आलो आणि लगेच आपला खिसा कापला गेला.

म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीला राज्याने आणखी शेकडो ग्रामपंचायती शहरांना जोडायचे ठरवले, तेव्हा गावोगावी लोक रस्त्यावर आले. त्यांच्या दोन भीती होत्या. एक, कर वाढेल. दुसरी, केंद्राच्या ग्रामीण रोजगार योजनेतले १०० दिवसांचे काम जाईल, कारण ती योजना शहराच्या हद्दीत लागू होत नव्हती. ज्या घरात त्या मजुरीवर महिन्याचा किराणा येतो, त्या घराला शहर होणे म्हणजे विकास वाटेलच असे नाही.

पुण्याच्या कडेची गोष्ट

आता महाराष्ट्रात येऊ. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावे आली. त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही हडपसरपलीकडची दोन गावे होती. जून २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, खडकवासला अशी आणखी २३ गावे आली. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईहून मोठी झाली.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचे पुण्याशी नाते त्याआधीपासूनचे, आणि ते कडू. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे इथल्या डेपोत येऊन पडत होता. विहिरींचे पाणी खराब झाले. प्यायला टँकर आले. कचऱ्याच्या गाड्या अडवायला गावकरी अनेकदा रस्त्यावर बसले. तेव्हा ही गावे महापालिकेच्या बाहेर होती. घाण शहराची आणि वास गावाला, अशी वाटणी होती.

मग गावे शहरात आली. आता तरी नळाला पाणी येईल, ड्रेनेज होईल, दिवे लागतील असे लोकांना वाटले. कायद्यात नव्या गावांना एकदम शहरी दर न लावता कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय आहे. त्याप्रमाणे कराची बिले वेळेवर येऊ लागली. पाण्याची लाइन मात्र वेळेवर आली नाही. सासवड रस्त्याच्या पट्ट्यातली गोदामे, दुकाने आणि छोटे कारखाने यांच्या हातात आलेले आकडे पाहून व्यापारी हबकले. त्यात थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती. म्हणजे रागाच्या भरात कर भरायचा थांबवला तर वर्षभरात रक्कम जवळपास पाव पटीने वाढणार.

दाद मागायची तर कोणाकडे? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांची सरपंचकी गेली होती आणि स्वतः निवडून दिलेला नगरसेवक अजून मिळालेला नव्हता. कर भरायचा, पण विचारायचे कोणाला हेच ठाऊक नाही, अशी अवस्था झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली आणि एक नवे शहर कागदावर जन्माला आले. त्याच वर्षी उरलेल्या समाविष्ट गावांतल्या करवसुलीलाही सरकारने स्थगिती दिली.

दोन शेजारी, दोन हिशेब

आता सांगा, हे बरे झाले की वाईट? उत्तर देण्याआधी एकाच गावातले दोन शेजारी डोळ्यांसमोर आणा. दोघेही काल्पनिक आहेत आणि पुढचे आकडेही फक्त हिशेब समजण्यापुरते आहेत.

पहिले अण्णा. गावठाणात वाडवडिलांचे घर, मागे विहीर, थोडी शेती. ग्रामपंचायतीला वर्षाला २,००० रुपये देतात. शहराची घरपट्टी १२,००० झाली तर त्यांच्या दृष्टीने १०,००० रुपये सरळ गेले. पाणी त्यांच्या विहिरीत आहे. शहराने त्यांना नवे असे काय दिले?

दुसऱ्या शेजारच्या सोसायटीतल्या ताई. सोसायटीत १०० फ्लॅट आहेत. रोज ४ टँकर लागतात, एकाचे १,००० रुपये धरा. महिन्याचे झाले १,२०,००० रुपये. प्रत्येक घराला महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये. हा खर्च घरपट्टीच्या पावतीत नाही, तो सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये लपलेला आहे. ताईंना शहराने १२,००० रुपयांत नळाचे पाणी दिले, तर त्या फायद्यात आहेत.

म्हणजे दोघेही खरेच बोलत आहेत. अण्णा कंजूस नाहीत आणि ताई उपऱ्या नाहीत. दोघांच्या पावत्या वेगळ्या आहेत, एवढेच. ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये या विषयावर आवाज चढले की हे जरूर आठवा.

पण खरा राग कुठून येतो पाहा. ताई १२,००० चा कर भरतात आणि टँकरचे १४,४०० रुपयेही भरतात. तेव्हा त्या अण्णांच्या बाजूला जाऊन बसतात. शहराच्या कडेला जी आंदोलने पेटतात, ती बहुतेक या दुहेरी खर्चातून पेटतात. कर जास्त आहे हे लोक एक वेळ सहन करतात. कर आधी आणि सेवा नंतर, आणि तो ‘नंतर’ कधी येणार ते कोणीच सांगत नाही, हे त्यांना सहन होत नाही.

वेगळे झालो म्हणजे सुटलो का?

मग वेगळे शहर केले की प्रश्न सुटतो? इथेच आपण थोडे थांबायला हवे. कर कमी झाला म्हणून खर्च कमी होत नाही. पाण्याची टाकी, मैलापाण्याची लाइन, कचऱ्याची गाडी, अग्निशमन बंब, कर्मचाऱ्यांचे पगार हे सगळे कोणीतरी द्यावेच लागते. नव्या नगरपरिषदेने कर कमी ठेवला आणि पाणी आणलेच नाही, तर तो खर्च टँकरवाल्याच्या बिलातून तुमच्याकडे परत येतो. त्या बिलावर सवलत मिळत नाही आणि त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

दुसरा धोका हद्दीच्या खेळाचा. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे आठवा. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती आत होती. २००२ मध्ये बाहेर गेली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे पुन्हा बाहेर काढायचे ठरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रत्येक वेळी पाट्या बदलल्या, दप्तर हलले, अधिकारी बदलले. अशा गावात मोठी जलवाहिनी टाकायची जबाबदारी कोण घेणार? आज टाकली आणि उद्या गाव बाहेर गेले तर?

अमेरिकेतही हेच घडते. जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला सँडी स्प्रिंग्ज नावाची वस्ती आहे. आमचा कर काउंटी दुसरीकडे खर्च करते, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. २००५ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ९४ टक्के लोकांनी वेगळ्या शहराच्या बाजूने कौल दिला. पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळजवळ सगळी कामे खासगी कंपनीला दिली. त्याची जगभर वाहवा झाली. पण २०१९ मध्ये त्याच शहराने हिशेब केला आणि बहुतेक कामे पुन्हा स्वतःकडे घेतली, कारण स्वतःचे कर्मचारी स्वस्त पडत होते. ते शहर अपयशी ठरले असे नाही. त्यांनी खर्चाचा हिशेब पुन्हा मांडला आणि तो मान्य केला, हेच त्यातले शिकण्यासारखे.

हात वर करण्याआधी

तुमच्या गावातही ‘महापालिकेत जाऊ या’ किंवा ‘आपली वेगळी नगरपरिषद करू या’ अशी चर्चा सुरू असेल, तर घोषणा देण्याआधी चार गोष्टी कागदावर मागा.

पहिली, घरामागे आजचा एकूण खर्च किती? घरपट्टीत पाणीपट्टी, टँकर, बोअरवेलचे वीजबिल, खासगी कचरावाला आणि सोसायटीचा सुरक्षारक्षक हे सगळे मिळवा. हीच तुमची खरी घरपट्टी.

दुसरी, पाणी कोणत्या धरणातून किंवा नदीतून येणार आणि ते कोणी मंजूर केले आहे? ‘योजना प्रस्तावित आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. मंजुरीचा कागद आहे का, ते विचारा.

तिसरी, कचरा कुठे जाणार? कोणाच्या तरी दारात टाकून शहर स्वच्छ होत नाही, हे फुरसुंगीइतके कोणाला कळणार?

चौथी, आपले म्हणणे कोणापुढे मांडायचे? महाराष्ट्रात वर्षाला किमान ४ ग्रामसभा होतात. तिथे अण्णांना उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. गाव शहरात गेले की ग्रामसभा संपते. घटनेने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण ग्रामसभेसारखी प्रत्येक मतदाराला बसण्याची जागा तिथे नाही. म्हणून वॉर्डात नागरिकांची बैठक कधी आणि कुठे होणार, हे आधीच ठरवून घ्या.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. महाराष्ट्रात साधारण २५,००० हून अधिक लोकसंख्येच्या भागाची नगरपरिषद करताना सरकारला आधी मसुदा जाहीर करावा लागतो आणि हरकती मांडायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. हे ३० दिवस फार मोलाचे आहेत. बहुतेक गावांत ते बॅनर लावण्यात आणि व्हॉट्सॲपवर भांडण्यात निघून जातात. अंतिम अधिसूचना निघाल्यावर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते.

तेव्हा आज संध्याकाळी एवढेच करा. घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि गेल्या वर्षातली पाण्याची, कचऱ्याची आणि घरपट्टीची सगळी बिले काढून त्यांच्याकडून बेरीज करून घ्या. तो आकडा शेजारच्या अण्णांना आणि ताईंना दाखवा, त्यांचाही विचारा. तिन्ही आकडे एका कागदावर लिहा आणि पुढच्या ग्रामसभेला किंवा सोसायटीच्या मीटिंगला तो कागद घेऊन जा.