गिनीपिग पळू नये म्हणून

शाळेला सुट्टी लागली की मुले हट्ट धरतात आणि घरात गिनीपिगची जोडी येते. दुकानदार बरोबर एक चिमुकला पिंजरा देतो, नाही तर घरातलेच एखादे पुठ्ठ्याचे खोके रिकामे केले जाते. चार दिवस कौतुकात जातात. मग एके दिवशी सकाळी खोके रिकामे दिसते आणि मुलांची रडारड सुरू होते. घरातले कोणी तरी समजूत घालते, "जाऊ दे, मोकळा झाला बिचारा!"

भगिनींनो, ही समजूत खरी नाही. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. पेरू, बोलिव्हिया या देशांत लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. तिकडे तो आजही खाण्यासाठी घरोघरी पाळतात. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तेथून जगभर पसरला. इतकी वर्षे माणसाच्या आधाराने जगलेल्या या प्राण्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. वस्तीत तो सुटला की मांजर आहे, कुत्रा आहे, घूस आहे, कोणी टाकलेल्या उंदराच्या गोळ्या आहेत. म्हणून त्याला पळू न देणे म्हणजे त्याचा जीव राखणे आहे.

वाट कोठून मिळते?

गिनीपिग मांजरासारखा उडी मारत नाही, उंदरासारखा भिंतीवर चढत नाही. तो जातो तो आपण ठेवलेल्या फटीतून. पिंजऱ्याच्या दाराची कडी सैल असते. जाळी कोपऱ्यात तारेने बांधलेली नसते, ती ढकलली की सरकते. पुठ्ठ्याचे खोके मुताने भिजून मऊ होते आणि तो ते कुरतडतो. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणे ही त्याची गरजच आहे. कित्येकदा आपणच त्याच्या लपण्याचे खोके भिंतीला टेकवून ठेवतो, मग तो त्यावर चढून सहज बाहेर येतो.

पिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. गिनीपिगची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस अशी असतात आणि काही तासांतच पळू लागतात. ज्या जाळीतून आईचे डोकेही जात नाही, तिच्यातून पिल्लू आरपार जाते. दुकानातून आणलेली मादी गाभण आहे, हे पुष्कळदा घरच्यांना ठाऊकच नसते.

घर कसे करावे?

पिंजरा विकतचाच हवा असे नाही. प्लायवुडच्या किंवा जुन्या कपाटाच्या फळ्यांचे, वर उघडे असे चौकोनी कुंपण घरी करता येते. दोन गिनीपिगना निदान सात-आठ चौरस फूट जागा द्यावी. भिंती सव्वा ते दीड फूट उंच पुरतात. फळ्या खिळ्यांनी पक्क्या जोडाव्यात, नुसत्या टेकवून उभ्या करू नयेत. जाळी वापरायची तर अर्धा इंच भोकांची, जाड तारेची घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी वाकते आणि घूस ती तोडते. भाजीचे प्लास्टिक क्रेट वापरणार असाल तर भोकांचा आकार आधी पाहा.

जाळी खाली अंथरू नये. तारेवर चालून पायाला जखमा होतात. तळाला वर्तमानपत्राचे थर आणि त्यावर जुने सुती कापड घालावे, ते रोज बदलावे. वरून मात्र जाळीचे झाकण हवेच. ते गिनीपिगला अडवण्यासाठी नसून मांजर आणि घूस आत येऊ नये म्हणून आहे. झाकणाला कडी लावावी. लहान मुलाला ती एकट्याने उघडू देऊ नये.

उन्हाळ्यात वारा मिळावा म्हणून झाकण काढून ठेवू नका, जाळीतून वारा येतोच. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढे उष्णता गेली की हा प्राणी कासावीस होतो. पिंजऱ्याच्या एका बाजूवर ओले कापड टाकावे आणि बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून आत ठेवावी. ज्यांचे घर पत्र्याचे आहे आणि दुपारी भट्टीसारखे तापते, त्यांनी गिनीपिग आणूच नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पुन्हा पुन्हा का पळतो?

फटी बुजवूनही तो सारखा जाळी चावत असेल, तर आत काही तरी कमी आहे असे समजावे. बहुधा तीन गोष्टी कमी असतात. पहिली गवत. त्याला दिवसभर चघळायला गवत लागते. हरळी स्वच्छ जागेवरून आणावी, रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली नको. ‘क’ जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, म्हणून रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची लहानशी फोड द्यावी. कांदा, बटाटा देऊ नये. दुसरी गोष्ट आडोसा. दोघांना दोन खोकी हवीत, प्रत्येकाला दोन तोंडे असावीत, म्हणजे एक दुसऱ्याला कोंडीत पकडत नाही. तिसरी सोबत. एकटा गिनीपिग झुरतो. पण नर-मादी ठेवली तर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. मग जागा अपुरी पडते, नर भांडतात, पळापळ होते. दोन माद्या ठेवणे सर्वांत सोयीचे. नर पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावीत.

पळाला तर

सर्वांनी मिळून त्याच्यामागे धावू नये. आधी दार लावावे, मोरीच्या भोकावर वीट ठेवावी, खाली लोंबणाऱ्या वायरींचे प्लग काढावेत. कॉट किंवा कपाट सरकवू नये, तो खाली असेल तर चिरडेल. गिनीपिग भिंतीच्या कडेकडेने चालतो. म्हणून भिंतीला लागून त्याचे खोके आडवे ठेवावे, आत कोथिंबीर टाकावी आणि दिवा मंद करून शांत बसावे. भाजीची पिशवी वाजवली तर पुष्कळ गिनीपिग आवाज देत येतात. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली धरावा.

जनावरांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा आपल्या देशाचा कायदा 1960 सालचा आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा फट बुजवणे जितके आवश्यक, तितकेच आत ऐसपैस जागा देणे. पुढे सांभाळणे झेपेनासे झाले, तर मैदानात किंवा बागेत सोडून देऊ नका. नीट सांभाळणारे दुसरे घर शोधा. रोजचे गवत, पाणी आणि कडी पाहण्याचे काम मुलांना पाळीपाळीने वाटून द्या, आणि रात्री झोपण्यापूर्वी कडी एकदा मोठ्या माणसाने पाहावी.